फुरशाला श्रद्धांजली

आमच्या ग्रुपात नवीन येणाऱ्याला आपला पहिला साप सांगावा लागतो. कुठे दिसला, घरात आधी कुणी पाहिला, आणि तो पाहिल्यावर तुम्ही कशावर चढलात. हा तिसरा प्रश्न माझी भर. माणूस खरा किती आणि बढाईखोर किती, हे त्या एका उत्तरात कळतं. कुणी वॉशिंग मशीनवर चढलेलं असतं, कुणी जेवणाच्या टेबलावर. अंबरनाथच्या एका गृहस्थांनी लिहिलं, की मी कशावरही चढलो नाही, शांतपणे परिस्थितीचा आढावा घेतला. त्यांची बायकोही ग्रुपात होती. तिनं खाली लिहिलं, "माझ्या खांद्यावर." त्या दिवशी तिघीचौघींनी मला मुद्दाम फोन करून हसून घेतलं.

माझा पहिला साप धामण होता. बदलापूर पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर, गॅसच्या सिलिंडरमागे. मी एकोणसाठाव्या वर्षी स्वयंपाकाच्या ओट्यावर चढले आणि तिथूनच फोन लावला. अंबरनाथच्या बुवापाड्यातून एक सर्पमित्र आला. कारखान्यात मशीन चालवतो, शिफ्ट सुटली की साप पकडतो. बादलीतून ओलं लुगडं उचलावं तशी त्यानं धामण उचलली, मला हात धरून ओट्यावरून उतरवलं आणि म्हणाला, "ताई, आता चहा टाका." चहाला उकळी येईपर्यंत मी त्याच्या ग्रुपात होते. दोन महिन्यांत ॲडमिन झाले. का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मी मशीनवर असतो, फोन लॉकरमध्ये. आणि ताई, तुम्हाला ओरडता येतं."

ओरडता येतं खरं. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. लोकांनी फोनवर कसं बोलावं याची मतं तिथं पक्की होतात, आणि निवृत्तीनंतर ती मतं ठेवायला कुठेतरी जागा लागते. मला हा ग्रुप मिळाला. हे सगळं हसतहसत सांगतेय, पण सांगायचंय ते वेगळंच. याच शिस्तीच्या भरात मी एका नव्या आलेल्या बाईचं तोंड बंद केलं, आणि त्या वेळी तिच्या नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न होता.

आधी ग्रुपाबद्दल थोडं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि पुढे बारवी धरणापर्यंतची गावं, एवढी आमची हद्द. धरणाच्या अंगाला डोंगराच्या पायथ्यापर्यंत इमारती गेल्या आहेत, त्यामुळे सापांना तोटा नाही. "साप आपल्याकडे आलेला नाही, आपण त्याच्याकडे राहायला आलोय," हे वाक्य आठवड्यातून एकदा कुणीतरी स्वतःला सुचल्यासारखं लिहितोच. नियम अकरा. ते मी लिहिले, आणि मला ते अजून तोंडपाठ आहेत. फोटो लांबून काढा. ठिकाण आधी लिहा. ओळखता येत नसेल तर नाव ठोकू नका, कारण आमच्याकडे पाण्याच्या पाइपलाही नाग म्हटलेलं आहे. सुप्रभात नको, फुलं नकोत. नागपंचमीला दुधाची वाटी घेऊन फोटो टाकणारा दिवसभर ग्रुपाबाहेर.

मेलेल्या सापाचा फोटो टाकू नये, हा सातवा नियम. या नियमाला पुढे एक शेपूट फुटलं, आणि तेही माझ्याच हातून. उल्हासनगरच्या एकानं काठी खांद्यावर टाकून, पायाशी मेलेली धामण ठेवून फोटो काढला होता. तोरा असा, की जणू वाघ मारलाय. माझं टाळकं सटकलं. मी खाली लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली." वर हार आणि जोडलेले हात. माझ्यामागे सगळ्यांनी लिहिलं. तो माणूस इतका ओशाळला, की पुढच्या वेळी साप दिसल्यावर त्यानं काठीऐवजी फोन उचलला. औषध लागू पडलं म्हणून आम्ही ते सगळ्यांनाच पाजायला लागलो. मेलेला साप दिसला की श्रद्धांजली. काहींनी तर समईचं चित्र तयारच ठेवलं होतं.

या प्रथेला विरोध करणारा एकच होता. उल्हासनगरचे एक सिंधी दुकानदार. त्यांचं प्लास्टिकच्या बरण्यांचं दुकान आहे, आणि साप ठेवायला रुंद तोंडाच्या बरण्या ते आम्हाला तशाच देतात. त्यांनी मला एकदा फोन केला. "दीदी, नवीन गिऱ्हाईक दुकानात आला ना, तर हम पहले बोलते हैं, आओ, बैठो. चुकीचा माल मागितला तरी हसत नाय. हसला तर दुबारा येणार का?" मी म्हटलं, "हे दुकान नाही." ते म्हणाले, "दुकान नाय तर काय आहे दीदी? लोग तो आ रहे हैं ना?" मी त्यांना सातवा नियम वाचून दाखवला.

दिवाळी होऊन गेली होती. सर्पमित्र बारवीकडच्या एका पाड्यावर शाळेत सापांची माहिती द्यायला गेला होता. तिथल्या काही बायांनी त्याच्याकडून ग्रुपात यायची लिंक घेतली, आणि त्यातली एक नुसती नंबर म्हणून आमच्यात दाखल झाली. नाव नाही, फोटो नाही. मी रिवाजाप्रमाणे लिहिलं, "आपलं स्वागत आहे. आपला पहिला साप सांगा." उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. उत्तर नाही. मला कुणी वाट पाहायला लावलेलं खपत नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी लिहिलं, "साप पाहिलाच नसेल तर तसं कळवावं." यातला खवचटपणा मला तेव्हा विनोद वाटला होता.

त्याच दुपारी त्या नंबरावरून फोटो आला. ठेचलेला साप, शेणानं सारवलेल्या अंगणात, बाजूला विळा. खाली एक अक्षर नाही.

स्वागताच्या संदेशाखाली तो फोटो असा येऊन बसला, की सगळ्यांना वाटलं बाईनं आपला पहिला साप दाखवला, आणि तोही मारून. पहिली श्रद्धांजली माझीच. मग अंबरनाथच्या गृहस्थांची, समईसकट. मग जी रांग लागली ती थांबेना. "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो." "आपल्या कुटुंबाच्या दुःखात सहभागी आहोत." एकानं तर दशक्रिया विधी कुठे आहे तेही विचारलं. मी घरात एकटी बसून खो-खो हसत होते, हे कबूल करते.

तेवढ्यात दुकानदारांनी लिहिलं, "ये ठीक नहीं है. नवीन माणूस आहे, प्यार से समझाओ." झालं, ठिणगी पडली. एक म्हणाला, साप मारणं गुन्हा आहे, त्यात प्यार कसला. दुसरी म्हणाली, गुन्हा असला तरी बोलण्याची पद्धत असते. तिसऱ्यानं पद्धत शिकवणाऱ्यांनी आपली जुनी पोस्ट आठवावी असं सुचवलं. मग जुन्या पोस्ट निघाल्या. कुणी कुणाला कधी 'अडाणी' म्हटलं होतं, कुणी माफी मागितली नव्हती. ग्रुपाचे दोन तट पडले. एक तट म्हणे कडक बोला, दुसरा म्हणे गोड बोला. अर्धा तास आम्ही बोलायचं कसं यावर भांडत होतो. त्या फोटोकडे नंतर कुणी वळूनही पाहिलं नाही.

मग मी माझं शस्त्र काढलं. लिहिलं, "सगळ्यांनी डोकं थंड करा. तासाभरानं बोलू." आणि ग्रुपाला कुलूप लावलं. आता फक्त ॲडमिनच लिहू शकतात, अशी ओळ उमटली. वर्गात छडी आपटल्यावर होते तशी शांतता झाली. मला फार बरं वाटलं. फोन चार्जिंगला लावला आणि मेथी निवडायला बसले.

एक जुडी संपून दुसरी निम्मी झाली तेव्हा फोन हातात घेतला. त्या नंबरावरून मला एकटीला निरोप आला होता. लेखी नाही, आवाजातला. तासापूर्वीचा. मागे टेम्पोचा खडखडाट, आणि त्यात एका बाईचा आवाज. "बाई, तितं लिवायला जात नाय म्हून तुमाना बोलतंय. ह्यांना चावलाय. बांधावर गवत कापत व्हते, बोटाला चावला. डाक्टरला दावाया फोटू काढलाय. ह्यो कोनता हाय ता सांगा. इखारी हाय का ता तरी सांगा. बाई, सांगा."

मी तिला फोन लावला. लागेना. धरणाच्या बाजूला रेंज नसते, हे मला माहीत होतं, तरी मी लावत राहिले. मग सर्पमित्राला लावला. त्याचा फोन लॉकरमध्ये. मी त्याच्या कारखान्याच्या गेटवर फोन करून वॉचमनवर अशी ओरडले, की त्यानं त्याला मशीनवरून उठवून आणलं. त्यानं लॉकरमधून फोन काढून फोटो पाहिला आणि सांगितलं, "फुरसं आहे ताई. विषारी. पण ते दवाखान्यात पोचले असतील तर वाचेल. डॉक्टरला साप बघायची गरज नसते, माणूस बघून इंजेक्शन देतात." मग म्हणाला, "हे ग्रुपात कधी आलं?" मी वेळ सांगितली. सुपरवायझरला सांगून तो बाइकवर निघाला.

दोन तासांनी त्याचा फोन आला. सरकारी दवाखान्यात सापडले होते. इंजेक्शन सुरू झालं होतं. हात कोपरापर्यंत सुजलाय, हिरड्यांतून रक्त येतंय, पण डॉक्टर म्हणतात वेळेत आणलं. मी देवाला हात जोडले, आणि जोडलेले हात पाहून मलाच लाज वाटली.

आता माझी खरी लबाडी ऐका. संध्याकाळी मी ग्रुपाचं कुलूप उघडलं, तेव्हा एक अक्षर खरं लिहिलं नाही. लिहिलं ते असं: "यापुढे सर्वांनी सभ्यता पाळावी." मनाला समजावलं, की सगळ्यांना कशाला लाजवायचं? बाईलाही ते आवडणार नाही. अशी कारणं मला भराभर सुचतात. त्यावर पंचवीस जणांनी अंगठे दाखवले आणि अंबरनाथच्या गृहस्थांनी "योग्य निर्णय" असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती बाई ग्रुपातून निघून गेली. तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. नवीन माणूस येतो, टिकत नाही, जातो, असं आम्ही समजत होतो.

सर्पमित्रानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. आठवड्यानं एवढंच म्हणाला, "ताई, ते घरी आलेत. आपण जाऊन येऊ." न जाण्याची माझ्याकडे चार कारणं तयार होती. त्यानं बाइक खाली उभी केली होती.

जांभूळ गाव मागे टाकून आम्ही पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. अंगणात भाताच्या पेंढ्या रचलेल्या. नवरा बाजेवर बसला होता, हाताला पट्टी, चेहरा टवटवीत. मला वाटलं होतं, हा माणूस मला दारातूनच परत पाठवील. त्यानं मला पाहिलं आणि आनंदानं ओरडला, "आल्या का श्रद्धांजलीवाल्या बाई!"

त्याला सगळा प्रकार सर्पमित्रानं दवाखान्यातच समजावून दिला होता, आणि तो त्याला भलताच आवडला होता. बायको ग्रुपातून निघाली तरी जुने निरोप तिच्या फोनात तसेच राहिले होते. ते त्यानं सगळ्या पाड्याला दाखवले होते. त्यानं डाव्या हातानं फोन धरला आणि निवडणुकीत उभा राहिल्यासारखा वाचायला लागला. "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो! आयकला का? जित्या मानसाला एवरी फुला कोनाला भेटली नसतील. सदतीस हायत, मोजल्यात मी." सर्पमित्र हसला. मीही हसले. मला इतकं हलकं वाटलं, की मी जरा जास्तच हसले.

ती उंबऱ्याशी बसून वाल सोलत होती. तिनं आम्हाला पाणी दिलं होतं, चहाचं आधण ठेवलं होतं, माझ्या तब्येतीची चौकशीही केली होती. पण हसत नव्हती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "माझं चुकलं. तुम्ही विचारत होतात आणि मी दार लावून घेतलं. मला माफ करा."

तिनं वालाची शेंग मोडली. "दार लावल्याचा मना काय वाटला नाय," ती म्हणाली. "मना वाटला, तुमी खरा सांगताव."

मला कळेना.

"तुमी सगली सापातली जानती मानसा. मी फोटू टाकला न् सगल्यांनी हात जोडलं. समई लावली. मना वाटला, ह्यो साप चावला म्हंजे मानूस जातोच. म्हून तुमी आदीच लिवलाय." ती शांतपणे सांगत होती, कालच्या बाजारातली गोष्ट सांगावी तशी. "टेम्पोत ह्यांचा डोका माझे मांडीवर. ह्ये इचारतात, काय म्हनतात गं ती लोका? मी काय सांगू? मी म्हनला, इखारी नाय म्हनतात."

नवरा बाजेवरून म्हणाला, "आनि बाई, मंग हिनी मना सगला माफ केला! धा वर्साचा! दारूचा, भावकीच्या भांडनाचा, हिच्या बापाला बोललू त्याचा. मी म्हनला, हिला काय जाला आज?"

"आता तो सगला परत घेतलाय," ती म्हणाली. तेव्हा मात्र तिच्या ओठाला थोडं हसू आलं. लगेच गेलं. "पर बाई, एक सांगा. एवरी सदतीस मानसा. हात जोडाया वेल व्हता. एकानी तरी इचारायचा ना, कोनाला चावलाय का?"

हे ती भांडून म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं. भांडणाला उत्तर देणं मला येतं. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, की आम्ही ते का विचारलं नाही. कडक बोलावं म्हणणाऱ्यांनी विचारलं नव्हतं, गोड बोलावं म्हणणाऱ्यांनीही नाही. दुकानदारांनी 'समझाओ' म्हटलं होतं, पण विचारा असं तेही म्हणाले नव्हते. अकरा नियमांत तो प्रश्न कुठेच नव्हता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. ती गडबडली, "अवं बाई, आसा काय करताव," म्हणून पदरानं माझंच तोंड पुसायला लागली.

चहा झाला. मी म्हटलं, "मी तुम्हाला परत ग्रुपात घेते." ती म्हणाली, "नको. तितं लई मानसा हायत. मना काय इचारायचा असंल तं तुमचा फोन हाय ना." मी म्हटलं, निदान मी ग्रुपाला काहीतरी लिहिते. फोन काढला, चार ओळी लिहिल्या, पुसल्या. त्यात 'खेद' आणि 'अनवधानानं' असे शब्द येत होते. शेवटी तिलाच विचारलं, "काय लिहू?"

"काय लिवायचा?" ती म्हणाली. "लिवा, मानूस जिता हाय."

मी लिहिलं, "तो माणूस जिवंत आहे." पाठवलं. रेंजची एकच काडी होती, निरोप बराच वेळ अडकून राहिला, मग गेला. ती माझ्या खांद्यावरून वाकून फोनात पाहत होती, नवराही उठून आला. पहिलं उत्तर दुकानदारांचं आलं, "कौन दीदी?" त्याच्यामागे अंबरनाथच्या गृहस्थांचं, "कोण?" मग एकाखाली एक येतच राहिलं. कोण जिवंत? कुठला माणूस? काय झालं?

तिनं ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुमी कोनाला सांगतलाच नाय?"

"नाही," मी म्हटलं, आणि तिथंच उंबऱ्यावर बसून पहिल्यापासून लिहायला लागले.